मोकळ्या गावातून काय आणायचं

माझ्या कोंबडीखाली अकरा अंडी होती आणि त्यांचा विसावा दिवस होता, म्हणून तो मंगळवार मला नको होता. पिल्लं एकविसाव्या दिवशी निघतात. बुधवारी निघणार होती. आणि नेमकं मंगळवारी गाव मोकळं करायचं ठरलं.

कोंबडी माझ्या माहेरची. लग्नानंतर पहिल्या पंचमीला आईनं दिली होती. औरादकडून सासरी येताना बसमध्ये ती सगळ्या वाटेनं माझ्या मांडीवर होती. कंडक्टर म्हणाला, हिचं अर्धं तिकीट काढा. वडील हसले, मी पदरात तोंड लपवलं. सासरी आल्यावर सासूबाईंनी तिला उचलून वजन बघितलं. सासूला आम्ही आत्याबाई म्हणतो. आत्याबाई म्हणाल्या, "अंड्यावर बसली तर पिल्लं तुजी. न्हाई बसली तर रस्सा माजा."

पहिल्या खेपेला मुंगसानं अंडी फोडली. दुसऱ्या खेपेला कोंबडीच आठव्या दिवशी उठून उकिरड्यावर गेली, ती परत बसेना. आता ही तिसरी खेप होती. आत्याबाई काही वाईट बोलत नसत, पण कोंबडीजवळून जाताना "मसाला कुटून ठिवावा का गं?" एवढं विचारायच्या आणि स्वतःच हसायच्या. मला मात्र हसू येत नसे. त्या घरात पितळेची भांडी आत्याबाईंची, मेंढरं सासऱ्यांची, सायकल मालकांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची. माझं म्हणून काय, तर ती कोंबडी. सासरी येऊन दोन वर्षं होत आली होती, तरी चार माणसांत माझ्या तोंडातून शब्द निघत नसे. कुणी काही विचारलं की मान हलवायची, एवढंच. कोंबडीशी मात्र मी पुष्कळ बोलत असे.

गाव मोकळं करणं म्हणजे काय, ते सांगते. आमचं गाव चिटगुप्प्याच्या बाजाराला चालत जाता येईल एवढ्या अंतरावर. तिथं आषाढातल्या एका मंगळवारी सगळं गाव वेशीबाहेर पडतं. दिवस उगवायच्या आत निघायचं आणि मावळल्यावर परत यायचं. मधल्या वेळात मरगाई देवी गल्लीगल्लीतून फिरते, घरोघरचं आजारपण, गुरांचे रोग, सगळं गोळा करून पदरात बांधून नेते. तिच्या वाटेत जिता जीव आडवा यायला नको. म्हणून माणसं, बैल, म्हशी, मेंढरं, कुत्री, कोंबड्या, सगळ्यांनी बाहेर. चुली विझवायच्या. दारांना कुलूप नाही, नुसती कडी. वेशीत बाभळीच्या काट्या आडव्या टाकायच्या आणि नाल्याकाठच्या आमराईत दिवसभर मुक्काम. तिथंच तीन दगडांच्या चुली, गव्हाची गोड हुग्गी, कडक भाकरी, शेंगांची चटणी. म्हाताऱ्यांपासून तान्ह्यांपर्यंत सगळे तो दिवस सणासारखा करत. बायकांना तर दिवसभर कुणी हाक मारून घरात बोलवणार नसतं, कारण घरच नसतं.

मी मनात ठरवून ठेवलं होतं की टोपलीत भुसा घालून अंडी न्यायची, वर कोंबडी बसवायची आणि टोपली माझ्या डोक्यावर घ्यायची. कुणाला हात लावू द्यायचा नाही. पण पहाटे आत्याबाईंनी मला अंगण सारवायला लावलं आणि कोंबड्या गोळा करायचं काम मालकांनी केलं. सारवून हात धुतेपर्यंत "चला, चला, तांबडं फुटायलंय" असा ओरडा सुरू झाला. कोंबड्या भरलेल्या डालग्यातून माझ्या कोंबडीचा आवाज आला म्हणून मी निवांत चालू लागले.

आमराईत डालगं उघडलं. कोंबडी बाहेर आली, पंख फुलवून इकडे तिकडे पळू लागली. डालग्यात आणखी तीन कोंबड्या होत्या. अंडी नव्हती.

मी मालकांकडे बघितलं. ते बैल बांधत होते. मी हाताची ओंजळ करून दाखवली.

"काय? पाणी पाहिजे?"

मी मान हलवली. मी हळूच म्हणाले, "अंडी."

"अंडी घरी हायत की."

"कामून?"

"कामून म्हंजे? जितं तेवडं भायेर काढायचं म्हनलेत. अंडी कुटं जिती हायत?" आणि मालक बैलाच्या पाठीवर थाप मारून पेंड आणायला गेले. त्यांची चूक म्हणावी तर तीही नाही. नियम जसा होता तसा त्यांनी पाळला होता.

दिवस मावळेपर्यंत अंडी तशीच पडली तर काय होईल हे मला चांगलं ठाऊक होतं. ढगाळ हवा होती, वारा सुटला होता. कोंबडी एकेका झाडाखाली जाऊन बसायची, उठायची, पुन्हा शोधायला लागायची. आणि वेशीत काट्या पडलेल्या. आत जायचं नाव काढलं तर सगळं गाव अंगावर येईल. मी आंब्याच्या बुंध्याला टेकून पीठ मळायला घेतलं आणि त्या पिठात डोळ्यांतलं पाणी किती पडलं ते कळलं नाही.

त्या दिवशी आमच्या नणंदबाई आल्या होत्या. सगळं गाव त्यांना अक्का म्हणायचं. त्या गुलबर्ग्याला राहायच्या. त्यांचे यजमान तिथल्या एका टाकीजमध्ये दारावर तिकिटं फाडायचे, त्यामुळे अक्का सगळे सिनेमे फुकट बघायच्या. हिंदी, कन्नड, तेलुगू, आणि भाषा कळली नाही तरी इंग्रजी. गावात आल्या की बायका त्यांच्याभोवती जमायच्या. भाकऱ्या थापता थापता अक्कांनी सुरू केलं.

"अगं, परवाच्याला एक इंग्रजी बघितला. मढी उठलेत बघ."

"म्हंजे?"

"म्हंजे मेलेली मानसं. मसणवट्यातून उठायलेत अन् गावात चालायलेत. एक न्हाई, दोन न्हाई, हजार. बोलत न्हाईत, पळत न्हाईत. आशी पाय फरफटत." अक्का हातातलं पीठ तसंच ठेवून उठल्या आणि मान वाकडी करून, हात लोंबते सोडून चुलीभोवती चालून दाखवलं. बायका हसून हसून आडव्या झाल्या. "अन् जितं मानूस दिसलं की चावायलेत. चावलं की ते बी मढं. मग जिती मानसं पळाली. गाव मोकळं! घरं उगडी, दुकानं उगडी. राखायला कुनी न्हाई. पाहिजे ते उचला."

"मग काय उचलले त्येनी?" शेजारच्या काकूंनी विचारलं.

"बंदूक उचलले. डब्यातलं खानं उचलले. एका बाईनं तर आरशापुढं हुभी ऱ्हाऊन गुडघ्यापस्तोर येनारा कोट घालून बघितला."

"मीठ?"

"मीठ न्हाई."

"काडीपेटी?"

"ते बी न्हाई."

"काय येड्यावानी मानसं गं! मीठ न्हाई, काडीपेटी न्हाई, कोट घालून काय मढ्याला मुका द्यायचा का?"

मग गोष्ट बाजूला राहिली आणि भांडणच लागलं. आपल्या गावात मढी शिरली, परत म्हणून जाता येणार नाही, आणि एकदाच आत जाऊन एकच टोपली भरून आणायची, तर काय आणायचं? काकू म्हणाल्या, लोणच्याची बरणी. दुसरी म्हणाली, बरणीनंच टोपली भरंल, त्यापेक्षा बियाणं आण, तुरीचं, जोंधळ्याचं. एकजण म्हणाली, जातं. "जातं टोपलीत घेऊन पळशील व्हय? मढंच मदतीला बोलवावं लागंल." सोनं आणायचं म्हणणारीला सगळ्यांनी वेड्यात काढलं. सोनं मोडायचं कुणाकडं, सोनाराला तर मढ्यांनी खाल्लेलं. सुईणआजी, म्हणजे अर्ध्या गावाची बाळंतपणं केलेली म्हातारी, एवढा वेळ गप्प होती. ती म्हणाली, "सुई, दोरा अन् जुनं लुगडं. बाकीचं रानात घावतंय." यावर सगळ्यांनी माना डोलावल्या, कारण ते खरंच होतं.

"अन् नवऱ्याला आनशील का न्हाई?" अक्कांनी काकूंना विचारलं.

"त्याला कशाला आनायचा? त्यो भाकरीच्या वासानं यितंयच की मागनं."

हसणं थांबेना. आत्याबाई म्हणाल्या, "मी बाई माजी मिश्रीची डबी आनीन. मढ्यानं खाल्लं तर खाऊ दे, दात तर घासून मरंन." आणि तेवढ्यात अक्का माझ्याकडे वळल्या. "अन् ए नवरे, तू गं? तू काय आनशील?"

सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या. मला नेहमीसारखी मान हलवायची होती. पण तोंडातून निघून गेलं, "अंडी."

"अंडी! बघा, नवऱ्यासाठी!" पुन्हा हशा. आणि मी रडायला लागले. हुंदकेच. अक्कांनी जवळ घेऊन विचारलं, "कामून रडायलीस गं? कुनी काय म्हनलं?" मी तुटक तुटक सांगितलं. विसावा दिवस, ह्यांनी कोंबडी आणली, अंडी राहिली. बायकांचं हसू एकदम बंद पडलं. त्यातल्या प्रत्येकीनं कधी ना कधी कोंबडी बसवली होती. आत्याबाईंनी कपाळावर हात मारला. "माज्या लेकाची अक्कल!" असं म्हणाल्या, आणि मला नवल वाटलं, रश्श्याचं नाव त्यांनी काढलं नाही.

अक्का उठल्या त्या थेट पुजारीअप्पांकडे. पुजारीअप्पा म्हणजे मरगाईचे पुजारी, त्या दिवसाचे नियम तेच सांगणार. ते पुरुषांत घोंगडीवर बसले होते. आम्ही बायका मागं मागं गेलो, मी सगळ्यांच्या मागं.

पुजारीअप्पांनी ऐकून घेतलं आणि डोकं खाजवलं. म्हणाले, "आता बघा. अंडं जितं न्हाई म्हनलं, तर आत जायाचं कारनच न्हाई. अन् जितं हाय म्हनलं, तर गावात जितं ऱ्हायलं, म्हंजे दिवस बाटला. पुना पुढच्या मंगळवारी गाव मोकळं करा."

पुन्हा पुढच्या मंगळवारी म्हटल्यावर पुरुषांच्यात गडबड उडाली. पेरलेली तूर कोळपायला आली होती. एकजण ओरडला, "अंडं जितं नसतंय! आपुन तळून खातो की!"

"बकरं बी खातोस. ते जितं नसतंय व्हय?" अक्का म्हणाल्या.

"बकरं चालतंय."

"चालतंय ते जितं? मग गुलबर्ग्याला मढी चालायलेत, त्येनला जितं म्हनशील?"

"गुलबर्ग्याला मढी चालायलेत?" एका म्हाताऱ्यानं खरोखर घाबरून विचारलं. त्याला सिनेमाचं समजावून सांगण्यात बराच वेळ गेला.

सुईणआजी काठी टेकत पुढं आली. "अप्पा, पोटुशी बाईला दोन जिवाची कामून म्हनत्यात?"

"पोटातलं जितं आसतंय म्हनून."

"मग?"

"पन ते पोटात हाय, आजी. हे टोपलीत हाय."

"तुला तुज्या आईनं कुटं बी ठिवलं आसतं तर तू जिताच व्हतास."

सगळे हसले, पुजारीअप्पाही. मग त्यांनी डोळे मिटले. डोळे उघडून सांगितलं की अंडी जिती की नाही हे मरगाई आई ठरवेल. आणायला एकच माणूस जाईल. तोंडात कडुलिंबाचा पाला धरायचा, दातांत, आणि परत वेशीबाहेर येईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. जो बोलतो तोच माणूस धरायचा. न बोलणारा पाला तोंडात धरून गेला तर तो आईसंगं फिरणाऱ्या वाऱ्यातलाच एक. पण मधे बोललं तर सगळं बाटलं.

"मी जाते," अक्का म्हणाल्या.

सगळं गाव एका तोंडानं म्हणालं, "तू न्हाई!"

काकूंचं नाव निघालं, तेही मागं पडलं. मग हळूहळू सगळ्यांची तोंडं मागं वळली. आजचं रडणं सोडलं तर दोन वर्षांत जिचा आवाज गावात कुणी ऐकला नव्हता, अशी एकच बाई होती. माझ्या तोंडात पाला दिला गेला तेव्हा मला "न्हाई" म्हणायलाही सवड मिळाली नाही.

आणि तोंडात पाला आहे हे दिसल्यावर बायकांना हुरूप आला. कारण मी आता नाही म्हणू शकत नव्हते. "जाताजाता माजी मिश्रीची डबी, चुलीच्या वरच्या फळीवर," आत्याबाई म्हणाल्या. "आमच्या घरातलं मीठ, मडक्यात, मी इसरले बघ," काकू. कुणाला पानाची चंची, कुणाला लेकराचं झबलं, एकीला आरसा. अक्का म्हणाल्या, "कोट दिसला तर बघ." वेशीपर्यंत पुजारीअप्पा सोबत आले. त्यांनी एका हातानं काट्या बाजूला केल्या आणि कुणी ऐकत नाही असं बघून म्हणाले, "पोरी, माजी तपकिरीची डबी देवळीत हाय. दाराच्या उजव्या अंगाला."

मी आत गेले. मागं काट्या पुन्हा सरकल्या.

गाव मी असं कधी पाहिलं नव्हतं. खरं म्हणजे गाव मी पाहिलंच नव्हतं. डोक्यावर पदर, नजर खाली, आडाकडे जाणारी वाट आणि पुढचीच्या टाचा, एवढंच माझं गाव. आता समोर सबंध गल्ली होती. सारवलेली अंगणं, दारोदार लिंबाच्या डहाळ्या, आणि आवाज कसला म्हणून नाही. माझ्या जोडव्यांचा तेवढा आवाज येत होता. मला अक्कांचं चालणं आठवलं. न बोलता, एकटी, मोकळ्या गावातून चालणारी. म्हणजे ते मढं मीच की! पाला तोंडात, म्हणून हसताही येईना. नाकातून हसले. तेव्हा उरलीसुरली भीती गेली.

आधी घर गाठलं. रांजणामागच्या कोपऱ्यात अंडी जशीच्या तशी होती. हात लावला. गार नव्हती, पण ऊनही नव्हती. सकाळच्या भाकरीला दुपारी हात लावावा तशी. टोपलीत भुसा घातला, त्यावर आत्याबाईंचं जुनं मऊ लुगडं चौघडी करून अंथरलं, त्यात एकेक अंडं ठेवलं आणि वरून लुगड्याचंच टोक पांघरलं. चार अंडी टोपलीत नीट बसेनात, ती पदरात घेऊन पोटाशी बांधली. मिश्रीची डबी घेतली.

मग काकूंच्या घरी मीठ आणायला गेले. त्यांची उतरंड, त्यांची पांढरी मांजर, सगळं पहिल्यांदाच बघत होते. मांजर चुलीजवळ बसली होती. मला बघून तिनं जांभई दिली. मी थबकले. गावात जितं कुणी नाही म्हणतात, आणि ही? पुढच्या घरात गेले, तिथं उंबऱ्यावर बोका. पुजारीअप्पांच्या घरी देवळीत, म्हणजे भिंतीतल्या कोनाड्यात, तपकिरीच्या डबीशेजारी एक मांजर आणि तिची तीन पिल्लं. मांजरांना कुणी हाकून बाहेर नेलंच नव्हतं. त्यांना कोण नेणार! म्हणजे वर्षानुवर्षं मरगाई मांजरांच्या संगतीत गाव फिरत होती. हे मी त्या दिवशी सांगितलं असतं तर मागच्या सगळ्या मंगळवारांवर पाणी पडलं असतं, म्हणून मी कधीच कुणाला सांगितलं नाही. इथं पहिल्यांदा लिहिते आहे.

तीन-चार घरांच्या कड्या काढल्या आणि घातल्या. ज्या घराचा गावात फार तोरा होता तिथं छपरातून गळणाऱ्या पाण्याखाली आमच्यासारखीच पातेली मांडलेली होती. एका घरात भिंतीवर कोळशानं हरणं काढली होती, इतकी सुंदर की मी उभी राहिले. काढणारी कोण ते मला कळलं. आडावर कधी वर न बघणारी, माझ्याच वयाची सून होती ती. पुढं आमची फार मैत्री झाली.

पण टोपलीत जागा किती? मिठाचं मडकं ठेवलं तर अंड्यांना धक्का लागत होता. आरशाची काच अंड्याशेजारी नको. चंची ठेवली असती, पण ती कुठल्या खुंटीला ते विसरले. शेवटी मीठ पुडीत बांधून घेतलं, दोन डब्या घेतल्या, झबलं अंड्यांवर पांघरलं. बाकी सगळं तसंच सोडलं. मढ्यांच्या सिनेमातल्या माणसांना कुणीतरी हे सांगायला हवं होतं, की उचलायच्या वस्तू टोपलीच ठरवते.

निघताना मधल्या चौकातला पार लागला. लिंबाच्या झाडाखालचा तो पार पुरुषांचा. सुना त्याच्या बाजूनं जाताना पदर आणखी पुढं ओढतात. मी इकडं तिकडं बघितलं. पदर तर पोटाशी अंड्यांत गुंतलेला, डोकं उघडंच होतं. मी पारावर चढून बसले. पाय खाली सोडून. टोपली मांडीवर. तिथून देवळापर्यंतची सरळ गल्ली दिसते, आणि वारा काय येतो! पुरुष दिवसभर तिथं का बसतात ते मला कळलं. दहा-वीस श्वास बसले असेन. तेवढ्यात पोटाशी काहीतरी झालं. कसं सांगू, आवाज कमी आणि हुळहुळणं जास्त. मी वाकून पदराला कान लावला. आतून, कवचाच्या आतून, चिव असं एकदा ऐकू आलं.

ओरडावंसं वाटलं. पाला दातांत गच्च दाबला, तो इतका कडू लागला की डोळ्यांत पाणी आलं. पारावरून उडी मारली आणि वेशीकडे जवळजवळ पळत सुटले.

बाहेर सगळं गाव वाट बघत होतं. काट्या बाजूला झाल्या, मी बाहेर पाऊल टाकलं, पुजारीअप्पा म्हणाले, "आता थुक." मी पाला थुंकले आणि म्हणाले, "बोलायलेत! अंडी बोलायलेत!" एवढ्या मोठ्यानं की बैलांनी माना वर केल्या.

"अगं माय, हिला आवाज हाय!" काकू म्हणाल्या.

गर्दीत कुणाला चिव ऐकू येईना. जो तो कान लावायचा आणि मागून दुसरे ढकलायचे. मग सुईणआजीनं घमेल्यात कोमट पाणी मागवलं. कोपर बुडवून बघितलं, तान्ह्याला न्हाऊ घालताना बघतात तसं. "गप ऱ्हावा सगळे," म्हणाली आणि एकेक अंडं अलगद पाण्यात सोडलं. जित्या अंड्यातलं पिल्लू हललं की अंडं पाण्यात डुलतं, ही जुन्या बायकांची परीक्षा. पहिलं अंडं तरंगलं आणि स्थिर राहिलं. मग ते एकाएकी डुललं. पाण्यावर छोटी लाट उठली. दुसरं डुललं. तिसरं तर गिरकी घेऊन शेजारच्याला धडकलं. आधी लेकरं हसली, मग सगळे, फेटेवाले म्हातारेसुद्धा घमेल्यावर वाकून "त्ये बघ, त्ये बघ!" करू लागले. एकानं तर कुठलं अंडं पुढं जातं यावर पैज मांडली. नऊ अंडी नाचली. दोन गप्प राहिली.

"ही दोन गेली," सुईणआजी म्हणाली.

"नऊ बी लई झाली," आत्याबाई म्हणाल्या, आणि स्वतःच्या नव्या पदरानं एकेक अंडं पुसून टोपलीत ठेवलं. गप्प राहिलेली दोनही मी उचलून त्यांच्यात ठेवली. कोंबडीला आणलं. तिनं टोपलीच्या कडेवर उभं राहून सगळ्या गावाकडे एकदा बघितलं, आत उतरली, पंख पसरून बसली. त्यानंतर आमराईत जो गोंधळ झाला, हुग्गी, गाणी, अक्कांच्या मढ्यांची चाल सगळ्या गल्लीनं करून दाखवणं, तो आठवला की अजून हसू येतं. पुजारीअप्पा आडोशाला जाऊन शिंकत होते. दिवस बाटला की नाही हे विचारायचं कुणाला सुचलं नाही आणि त्यांनीही काढलं नाही.

बुधवारी सकाळपासून पिल्लं निघू लागली. दुपारपर्यंत नऊ. आत्याबाई कोंबडीजवळ पाट घेऊन बसल्या होत्या, कण्या बारीक करून. संध्याकाळी मी गप्प राहिलेली दोन अंडी काढायला गेले, तर त्यातल्या एकाला भोक पडलेलं आणि त्यातून चोच बाहेर. ते दहावं. सुईणआजीला बोलावून दाखवलं. ती त्याच्याकडे बराच वेळ रागानं बघत राहिली. "घमेलं वाकडं व्हतं," म्हणाली.

अकरावं मात्र निघालंच नाही. ते मी मरगाईच्या देवळामागं, लिंबाखाली पुरून आले.

तिसऱ्या दिवशी पुजारीअप्पा दारात आले. पिल्लं बघितली, मोजली, आत्याबाईंना म्हणाले, "आईनं सांभाळली. आईच्या नावानं एक सोडा."

आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं. "माज्याकडं काय मागतो अप्पा? पिल्लं हिची हायत. हिला इचार."

आधी मी नेहमीप्रमाणे दाराआड गप्प उभी राहिले असते. त्या दिवशी दाराआड होते, पण बोलले. "आईचं अकरावं व्हतं, अप्पा. ते दिलंय."

पुजारीअप्पांनी पिल्लं पुन्हा एकदा मोजली. "बराबर हाय," म्हणाले आणि ओसरीवर बसून पिल्लांना कण्या टाकू लागले.